नळाच्या दुसऱ्या टोकाला

गारगाई धरणावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. मुलुंडचे मामा महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी भांडुप कॉम्प्लेक्स या जलशुद्धीकरण केंद्रात काढली. त्यांचं म्हणणं, हे धरण दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. भाचा पंचविशीतला, आरेच्या आंदोलनात रात्री जागून आलेला. त्याचं म्हणणं, तानसा अभयारण्यातल्या लाखो झाडांवर कुऱ्हाड चालवून मिळणारं पाणी आम्हाला नको. ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर वाडा तालुक्यात गारगाई नदीवर हे धरण प्रस्तावित आहे. त्यातून मुंबईला दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळायचं आहे, आणि ओगदा, खोडदे अशी आदिवासी गावं त्याखाली जायची आहेत. प्रकल्प मधे बासनात गेला होता, आता पुन्हा बाहेर आलाय. मे महिना आला, तलावांचा साठा खाली गेला आणि पाणीकपातीची बातमी आली, की मामा-भाचे एकमेकांना कात्रणं पाठवायला लागतात.

मी हे सगळं वाचते ते कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन नावाच्या गावात. वस्ती दोन हजारांच्या आसपास. हमरस्ता एकच, त्यावर सिग्नल, दोन पेट्रोल पंप, थोडी मोटेलं आणि एक छोटं रुग्णालय, जिथे मी फिजिओथेरपिस्ट आहे. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाकडून अशा वादात एकच अपेक्षा असते. त्याने सांगावं, ‘आमच्याकडे असलं काही होत नाही.’ मामांनीही तेच विचारलं होतं. लॉस एंजेलिससारख्या शहराला पाणी कमी पडत नाही, तिथले लोक धरणाला विरोध करत बसतात का? गंमत अशी की मी लॉस एंजेलिसच्या नळाच्या दुसऱ्या टोकाला राहते. त्या शहराचं पाणी जिथून गेलं, ती ओवेन्स दरी म्हणजे हेच माझं गाव.

गावाच्या पश्चिमेला सिएरा नेवाडाची भिंत उभी आहे. त्यातलं माउंट व्हिटनी ४,४२१ मीटरचं, अलास्का सोडली तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. समुद्राकडून येणारे ढग तिकडच्या उतारावरच रिकामे होतात आणि आमच्या वाट्याला वर्षाला दीडशे मिलिमीटरसुद्धा पाऊस येत नाही. पूर्वेला डोंगर ओलांडला की डेथ व्हॅली. पण शिखरावरचं बर्फ वितळून ओढे खाली येतात, ओढ्यांची ओवेन्स नदी होते आणि ती नदी गावाच्या दक्षिणेला एका तळ्यात जाऊन थांबते. निदान शंभर वर्षांपूर्वीपर्यंत थांबत होती. तळं दोनशे ऐंशी चौरस किलोमीटरचं होतं.

या पाण्यावर आधी पायूट लोक राहत. गोरे यायच्या कितीतरी आधी त्यांनी ओढ्यांना पाट काढून कंदांची रानं भिजवली होती. आपल्याकडचे पाट-बंधारे पाहिलेल्या माणसाला ते खुणांवरूनही ओळखता येतं. १८६०च्या दशकात गुरं घेऊन वसाहतवाले आले, झटापटी झाल्या आणि जुलै १८६३ मध्ये लष्कराने सुमारे हजार पायूटांना उन्हात चालवत फोर्ट तेहोनला हाकललं. पुढे बरेच जण परत आले आणि आपल्याच जमिनीवर मजूर म्हणून राबले. समोरच्या डोंगरात सेरो गोर्दोला चांदी आणि शिसं सापडलं, तेव्हा तळ्यावरून चांदीच्या लगडी वाहायला आगबोट चालायची. २६ मार्च १८७२ च्या पहाटे भूकंप झाला. गावातल्या एकोणसाठपैकी बावन्न घरं पडली, सत्तावीस माणसं गेली. सामूहिक थडगं हमरस्त्यावरून जाताना आजही दिसतं. एवढं सगळं होऊनही दरीत शेती वाढत होती. सफरचंदं, नासपती, लसूणघास, गुरं. भूकंपाने हे गाव मोडलं नव्हतं.

१९०४ मध्ये लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन आणि शहराच्या पाणी खात्याचे प्रमुख विल्यम मलहॉलंड घोडागाडीतून इथे आले. मलहॉलंड आयर्लंडहून आलेला, शहरात सुरुवातीला पाटाचा गाळ काढायचं काम करणारा. अभियांत्रिकी रात्री पुस्तकं वाचून शिकला. मामांना हा माणूस फार आवडतो आणि मला त्याचं नवल वाटत नाही. दरी शहराहून उंच, त्यामुळे एकही पंप न लावता पाणी नुसत्या उतारावर ३७५ किलोमीटर नेता येईल, हे त्याने हेरलं. ईटनने गुरांचं फार्म काढायचं म्हणून शेतकऱ्यांकडून नदीकाठच्या जमिनी आणि पाण्याचे हक्क घ्यायला सुरुवात केली. त्याच वेळी केंद्र सरकारचं खातं इथल्या शेतीसाठी सिंचन योजनेची पाहणी करत होतं आणि त्या खात्याचा कॅलिफोर्नियातला अधिकारी आतून शहराला मदत करत होता. शेतकऱ्यांना कळलं तेव्हा, १९०५ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी छापून आली होती आणि सह्या झालेल्या होत्या.

पुढचं वाचताना मला मंत्रालयातली फाईल आठवते. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये कौल दिला तो असा, की हे पाणी ओवेन्स दरीच्या लोकांनी वापरण्यापेक्षा शहराने वापरलं तर एकूण जनतेच्या दृष्टीने ते कितीतरी पट मोलाचं आहे. आपल्याकडे याला ‘व्यापक जनहितार्थ’ म्हणतात आणि ते अधिसूचनेच्या पहिल्या परिच्छेदात असतं. ५ नोव्हेंबर १९१३ ला हजारो लोकांसमोर कालव्याचे दरवाजे उघडले गेले. मलहॉलंडचं भाषण इतिहासातल्या सर्वांत छोट्या भाषणांपैकी असावं. ‘ते आलंय. घ्या.’ आलेलं पाणी आधी मुख्यतः गेलं सॅन फर्नांडो खोऱ्यात, जिथे शहरातल्या बड्या धेंडांनी कोरडवाहू जमिनी अगोदरच स्वस्तात घेऊन ठेवल्या होत्या. हे वाचून भाचा म्हणाला, ‘हे तर अगदी आपल्यासारखंच.’ मी त्याला म्हटलं, अरे, आपण तर यांच्यानंतर शिकलो.

विरोध झाला नाही असं नाही. वीसच्या दशकात दुष्काळ पडला, शहर आणखी वर सरकत आणखी जमिनी घ्यायला लागलं, शेजाऱ्याला न सांगता एकेकाला गाठून. १९२४ च्या मे महिन्यात कालव्याला सुरुंग लागला. नोव्हेंबरात साठ-सत्तर माणसांनी लोन पाइनच्या उत्तरेचे अलाबामा गेट्स हे कालव्याचे दरवाजे ताब्यात घेतले आणि कालव्याचं पाणी पुन्हा दरीत सोडून दिलं. चार दिवस ते तिथे बसले. बायका-मुलं जेवण घेऊन आली, मांस भाजलं गेलं, गाणीबजावणी झाली. शेरीफ आपल्याच लोकांना अटक करायला तयार नव्हता. मग आश्वासन मिळालं, दरवाजे बंद झाले आणि आश्वासनांचं जे होतं ते झालं. आंदोलनाचे पुढारी वॉटरसन बंधू दरीतली बँक चालवायचे. १९२७ मध्ये ती बुडाली, दोघे अफरातफरीबद्दल तुरुंगात गेले आणि लोकांची पुंजी त्यांच्याबरोबर गेली. लढा तिथे संपला. मलहॉलंडचाही शेवट बरा नाही. मार्च १९२८ मध्ये त्याने बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं वाहून गेली.

तळं त्याआधीच आटलं होतं. उरला तो क्षार आणि आर्सेनिक मिसळलेल्या मातीचा पांढरा तळ. वारा सुटला की तो आकाशात जायचा. कितीतरी वर्षं श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीचा अमेरिकेतला सर्वांत मोठा एकच एक स्रोत म्हणून या तळ्याची नोंद होती. तळ्याकाठचं कीलर हे एके काळचं आगबोटीचं आणि रेल्वेचं गाव, आज तिथे शंभरसुद्धा माणसं नाहीत. माझ्याकडे येणारे वयस्कर लोक गुडघ्याच्या व्यायामाला येतात आणि बोलता बोलता ‘डस्ट डे’च्या गोष्टी सांगतात. शाळेच्या खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले, समोरचा डोंगर दोन-दोन दिवस दिसलेला नाही. दरीतलं मंझनार हे फळबागांचं गाव शहराने विकत घेऊन सुकवलं आणि १९४२ मध्ये सरकारने त्याच जागेवर दहा हजार जपानी-अमेरिकन लोकांना काटेरी तारेआड डांबलं. त्यांच्या आठवणींमध्येही धूळ आहे, फळ्यांच्या फटींतून अंथरुणावर येणारी.

एक गोष्ट इथे राहायला आल्यावरच कळते. दरीतली सुमारे अडीच लाख एकर जमीन आजही लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याच्या मालकीची आहे. उरलेली बहुतेक केंद्र सरकारची. इन्यो काउंटीत, म्हणजे आमच्या जिल्ह्यात, खाजगी जमीन दोन टक्क्यांच्याही आत. चहूकडे मोकळं रान आणि गावात भाड्याला घर मिळत नाही. रुग्णालयाला नर्स मिळते, पण नर्सला राहायला जागा मिळत नाही म्हणून ती महिन्याभरात जाते. मुंबईत जागेची टंचाई का, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. इथे खिडकीतून क्षितिजापर्यंत रिकामी जमीन दिसत असताना ते समजावून सांगावं लागतं.

पण माझ्याकडे येणारा एक म्हातारा रँचर, ज्याच्या गुरांची कुरणं शहराकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहेत, तो वेगळंच बोलतो. शहराने ही दरी घेतली नसती तर आज इथे मॉल असते, वसाहती असत्या, सात पदरी रस्ता असता, असं त्याचं मत. ते खोटं नाही. उन्हाळ्यात गिर्यारोहक येतात, हॉलिवूडने इथल्या गोलमटोल दगडांच्या टेकड्यांत शेकडो पाठलाग चित्रित केले (तिसाच्या दशकात तर याच टेकड्या हिंदुस्थानची वायव्य सरहद्द म्हणून दाखवल्या आणि मावळतीला खरंच पटतात). हे सगळं जसंच्या तसं राहिलं, कारण मालकाला इथे काही उगवायला नको होतं. त्याच्या या युक्तिवादावर काय उत्तर द्यावं, हे मला अजून नीट सुचलेलं नाही. एवढंच दिसतं, की गाव जसं आहे तसं ठेवायचं का, हे गावाला कुणी विचारलं नव्हतं.

आता शहापूर, म्हणजे मुंबईच्या नळाचं दुसरं टोक. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी सात जलाशयांतून येतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) शहराच्या हद्दीत. बाकीचे तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), मध्य वैतरणा (२०१४) आणि निम्म्याच्या जवळपास भार उचलणारा एकटा भातसा. हे पाचही शहराबाहेर, शहापूर-मोखाडा-इगतपुरीच्या पट्ट्यात. या भागात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे लोन पाइनच्या कितीतरी पट. आणि दर वर्षी होळी होते न होते तोच कसारा, खर्डी, विहीगावच्या बाजूच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात.

मुलुंड स्टेशनबाहेर पावसाच्या तोंडावर शेवळं, कंटोळी, भारंगी घेऊन कसारा लोकलने येणाऱ्या बायका बसतात. सुट्टीत गेले की मी त्यांच्याकडूनच घेते. एकीला विचारलं, पाणी कसं असतं हो तुमच्याकडे? तिने आधी माझ्याकडे पाहिलं, पंचायतीची बाई असावी असं वाटलं असेल. मग सांगितलं. टँकर येतो, तो विहिरीत ओततात, मग सगळ्या एकदम उतरतात. हंडे भरेपर्यंत पाणी गढूळ होतं. रात्री आला तर रात्री उतरायचं. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो, त्यामुळे मधले काही महिने गर्दी कमी असते, हा त्यातला तिला दिसलेला फायदा. पलीकडून मुंबईची जलवाहिनी जाते, हे तिने तक्रार म्हणून सांगितलंच नाही. आंब्याचं झाड कुठे आहे ते सांगावं तसं ठिकाण म्हणून सांगितलं.

मामांकडे याचं उत्तर आहे आणि ते अभियंत्याचं असल्यामुळे नीट ऐकून घेण्यासारखं आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी मुरू देत नाही, उतार तीव्र, पडलेला पाऊस दोन दिवसांत खाली वाहून जातो. झरे डिसेंबरपर्यंत, विहिरी फेब्रुवारीपर्यंत. धरण खोऱ्याच्या तळाशी, पाडे वर डोंगरावर. तेव्हा धरणाने त्यांचं पाणी ‘नेलं’ हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. धरण नसतं तरी उन्हाळ्यात ते पाणी समुद्रात गेलेलंच असतं. मान्य. ओवेन्स दरीशी शहापूरची तुलना इथे तुटते. तिथे वाहती नदी उचलून नेली, इथे वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवलं. पण मग पुढचा प्रश्न अभियंत्यालाच विचारायला हवा. शंभर किलोमीटरवरच्या शहरासाठी जलबोगदे खोदता येतात, पिसे इथे नदीतून पाणी उपसून पांजरापूरला शुद्ध करून पाठवता येतं, तर दोनशे मीटर वरच्या पाड्याला उचलून का देता येत नाही? भावली धरणातून उतारावरून शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना कागदावरून जमिनीवर यायला इतकी वर्षं का लागतात? यात कातळाचा काही दोष नाही. पाड्याच्या नावावर पाण्याचा आकडा कुठल्याच करारात लिहिलेला नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते अंदाजपत्रकात येत नाही.

मामांची दुसरी बाजू मात्र मला परक्या देशात बसून उडवून लावता येत नाही. मुंबई म्हणजे फक्त मुलुंडच्या टाकीवाल्या सोसायट्या नव्हेत. मानखुर्द-गोवंडीच्या टेकाडांवर आजही लोक ड्रमच्या हिशोबाने पाणी विकत घेतात आणि श्रीमंतांपेक्षा लिटरमागे कितीतरी जास्त मोजतात. झोपडी अधिकृत असो की नसो, पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं. पाणी हक्क समिती त्यासाठी कोर्टात गेली होती. हा निकाल पाळायचा तर पाणी लागणार, असं मामा म्हणतात. पण हिशोब त्यांच्यापुढेच मांडू. ३,९०० दशलक्ष लिटर भागिले सव्वा कोटी ते एक कोटी तीस लाख माणसं, म्हणजे माणशी तीनशे लिटर. उद्योग आणि रुग्णालयं वेगळी धरली, तरी शहरी माणसाला १३५ लिटर पुरेत असं सरकारी मानक आहे. महापालिकेच्याच सांगण्यानुसार जवळजवळ एक तृतीयांश पाणी गळती आणि चोरीत जातं. म्हणजे दिवसाला बाराशे-तेराशे दशलक्ष लिटर. गारगाई देणार ४४०. ‘गिरगावच्या रस्त्याखालची शंभर वर्षांची पाइप बदलायला तू ये,’ असं मामा यावर म्हणाले. ते खरंच कठीण आहे, रस्ता खणला की नगरसेवकापासून गणेश मंडळापर्यंत सगळे अंगावर येतात. धरण त्या मानाने सोपं. तिथे अंगावर येणारी माणसं थोडी असतात आणि ती लांब राहतात.

भाच्याच्या गटाबद्दलही थोडं. त्यांच्या पोस्टवर बिबट्या असतो, जुना साग असतो, झाडाला मिठी असते. ओगद्याचा माणूस नसतो. पर्याय म्हणून ते मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायची योजना पुढे करतात, आधी २०० दशलक्ष लिटरची आणि पुढे वाढवायची. मी तिच्या विरोधात नाही. पण तिला वीज प्रचंड लागते, आणि उरलेलं जास्त खारं पाणी पुन्हा समुद्रात सोडायचं असतं, तिथे मनोरी-गोराईचे कोळी जाळी टाकतात. कोळीवाड्याला विचारलं का, असं मी त्याला विचारलं तर त्याने विषय बदलला. झाडाच्या बाजूने बोलणं सोपं पडतं कारण झाड उलटून काही मागत नाही. गावाने कदाचित धरण हवं असंही म्हटलं असतं, योग्य मोबदला आणि घरात नळ मिळत असेल तर.

तर अमेरिकेत काय वेगळं झालं? शहराचं मन बदललं, असं काही घडलेलं नाही. लॉस एंजेलिसच्या शंभर लोकांना विचारलं तर नळाचं पाणी कुठून येतं हे नव्वदांना सांगता येईल का, याची मला शंका आहे. बदल झाला तो दोन कायद्यांमुळे, आणि ते दुसऱ्याच कारणासाठी झालेले होते. १९७० मध्ये शहराने दुसरा कालवा सुरू केला आणि तो भरायला दरीतलं भूजल उपसायला लागलं. झरे आटले, कुरणं करपली. त्याच वर्षी राज्यात पर्यावरण परिणाम अहवाल सक्तीचा झाला होता. त्याच्या आधाराने १९७२ मध्ये इन्यो काउंटीने, म्हणजे वीस हजारांच्याही आतल्या लोकसंख्येच्या काउंटीने, महानगराला कोर्टात खेचलं. करार व्हायला १९९१ उजाडलं. त्यानुसार २००६ च्या डिसेंबरात कोरड्या पडलेल्या ओवेन्स नदीच्या शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडलं गेलं.

दुसरा कायदा हवेचा. धुळीचं प्रमाण केंद्रीय मानकापेक्षा कितीतरी पट जास्त होतं, आणि बिशप गावातल्या एका छोट्याशा हवा-नियंत्रण कार्यालयाला शहरावर आदेश काढायचा अधिकार होता. शहर वर्षानुवर्षं भांडलं, मग २००० च्या सुमारास तळ्यावर काम सुरू झालं. उथळ पाणी पसरवायचं, गवत लावायचं, खडी अंथरायची. आजवर या धुळीवर लॉस एंजेलिसचे दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च झालेत आणि ते तिथल्या पाणीपट्टीतून जातात. १९१३ चं स्वस्त पाणी शंभर वर्षांनंतर असं महाग पडलं. धूळ बसवायला त्याच कालव्यातलं पाणी तळ्यावर सोडावं लागतं आणि आता तिथे पाणपक्षी हजारोंनी उतरतात. उरलेल्या टंचाईचं शहराने काय केलं? हिरवळ उखडणाऱ्याला पैसे दिले, कमी पाण्याचे संडास बसवले, गळती शोधली. सत्तरच्या दशकापेक्षा आज तिथे सुमारे दहा लाख माणसं जास्त राहतात आणि एकूण पाणी कमी लागतं. मुंबईने हे आकडे पाहावेत, असं मला मामांना सांगायचं असतं. ते म्हणतात, त्यांच्याकडे हिरवळ होती म्हणून उखडता आली.

आणि तरी इथलं उदाहरण डोक्यावर घेऊन नाचावं असं नाही. काउंटी कोर्टात जिंकली, हवेचं कार्यालय जिंकलं. ज्यांचे पाट सर्वांत जुने, त्या पायूटांच्या पाण्याचा निवाडा अजून व्हायचाच आहे. १९३९ मध्ये शहराने आणि केंद्र सरकारने जमिनींची अदलाबदल करून बिशप, बिग पाइन आणि लोन पाइनला त्यांच्या वस्त्या आखून दिल्या. पाण्याच्या हक्काचं काय, तर शहराच्या सनदेप्रमाणे मतदारांच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय तो देता येत नाही, म्हणून तो मुद्दा ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला. ते नंतर अजून आलेलं नाही. कातकरी आणि ठाकरांना विस्थापनाच्या यादीत सातबारा विचारला जातो, तेव्हा मला ही अदलाबदल आठवते. कागदावर ज्याचं नाव नव्हतं, त्याला दोन्ही देशांत रांगेच्या शेवटी उभं केलं गेलं.

माझं मत, कुणी विचारलंच तर, असं आहे. गळतीचं काम निम्मं होईपर्यंत गारगाईला हात लावू नये. त्यानंतरही धरण लागलंच तर पहिलं पाणी वाडा, मोखाडा, शहापूरच्या पाड्यांचं, आणि ते ‘प्राधान्य देण्यात येईल’ अशा भाषेत नको. दिवसाला किती लिटर, कुठल्या टाकीत, मोजणार कोण, आणि न दिल्यास कुठल्या कोर्टात जायचं, हे लिहिलेलं हवं. मुंबईने पैसे द्यायचे तेही एकरकमी नुकसानभरपाई म्हणून नकोत, पाणी येत राहील तोवर दर वर्षी द्यावेत. आणि सह्या बुडीत गावांबरोबर खालच्या-वरच्या गावांच्याही हव्यात, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर. आमच्या दरीत एकेकाला घरी गाठून सह्या घेतल्याचा परिणाम सगळ्यांनी भोगलाय.

१९९१ च्या करारात मला सर्वांत आवडणारं कलम अगदी रुक्ष आहे. दरीत ठिकठिकाणी देखरेखीच्या जागा ठरवलेल्या आहेत. तिथल्या जमिनीत झाडोऱ्याला पुरेल एवढी ओल उरली नाही, तर त्या जागेला जोडलेल्या विहिरींवरचे शहराचे पंप बंद ठेवायचे, आणि ओल परत येईपर्यंत सुरू करायचे नाहीत. त्यावरून दर वर्षी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भांडतात, आकड्यांवर वाद घालतात, पण वाद घालायला दोन्ही बाजूंच्या खुर्च्या आहेत. हा करार मी मामा आणि भाचा दोघांनाही पाठवला. भाच्याने ‘थम्ब्स अप’ची खूण पाठवली. मामांनी रात्रीत वाचून काढला आणि सकाळी विचारलं, ओल मोजायचं यंत्र जमिनीत किती खोल पुरतात आणि कातळात ते चालेल का.